चालू संशोधन ऐकण्याचा हक्क

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे सोडून द्यावा लागतो आहे, असे रेल्वे मंत्रालयाने सांगितले आणि जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत नाराजी पसरली. ती समजण्यासारखी आहे. टोमॅटो आणि द्राक्षे पिकवणाऱ्या या पट्ट्याला रेल्वे हवी आहे, आणि ती मिळणार नसेल तर त्याचे कारण नीट कळण्याचा त्याला हक्क आहे. विजेच्या इंजिनाच्या माथ्यावर तारेशी घर्षण होऊन ठिणग्या उडतात, त्या ठिणग्यांतून रेडिओ लहरी निघतात आणि दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी त्या गोंगाटात बुडतात, एवढे एका वाक्यात सांगता येते. पण रूळ किती अंतरावर असले तर चालेल, मधला डोंगर आडोसा देतो का, गोंगाट गणिताने गाळता येतो का, येत नसेल तर का नाही, हे पुढचे प्रश्न सरकारी पत्रकात मावत नाहीत. त्यांची उत्तरे देऊ शकतील अशी माणसे खोडदला आणि पुण्यात रोज कामाला येतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरते, शाळांच्या मुलांची रीघ लागते. तो उपक्रम मोलाचा आहे. मात्र वर्षाचे बाकीचे दिवस ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेनांवर नेमका कशाचा शोध चालू आहे, हा विषय परिसराच्या बोलण्यात फारसा येत नाही. तो यावा, आणि त्यासाठी कॉलेजइतकी योग्य जागा दुसरी नाही. नेमके सांगायचे तर, जिल्ह्या-तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयांत महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, भौतिकशास्त्रात किंवा खगोलशास्त्रात संशोधन करणाऱ्या माणसाने स्वतःच्या चालू कामावर मराठीत बोलावे आणि त्या वेळी सभागृहाचे दार सगळ्या गावाला उघडे असावे.

यातले ‘स्वतःच्या’ आणि ‘चालू’ हे दोन्ही शब्द मला महत्त्वाचे वाटतात. विज्ञानावरच्या व्याख्यानांची महाराष्ट्रात वाण नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ ची. कृष्णविवरे, महास्फोट, मंगळावरची याने यांवर ठिकठिकाणी भाषणे होतात आणि ती ऐकायला माणसे आवडीने येतात. पण अशा भाषणात सांगितले जाते ते सिद्ध झालेले, स्थिरावलेले ज्ञान. ऐकणारा थक्क होतो, घरी जातो, आणि हे सगळे कुणाला कसे कळले असेल हा प्रश्न त्याच्या मनात तसाच राहतो, किंवा उठतच नाही. संशोधनावरचे भाषण वेगळ्या जातीचे असते. त्यात एकच प्रश्न असतो, तो सोडवण्यासाठी वापरलेले एक उपकरण असते, हाती आलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा याचा हिशेब असतो आणि बोलणाऱ्याला अजून न सुटलेली एक अडचण असते. सामान्य श्रोत्याला असे भाषण जड जाईल, असे गृहीत धरून आपण ते त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे: विश्व केवढे मोठे आहे हे ऐकून श्रोत्याच्या विचारात जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक ते मोजले कसे, हे ऐकून पडतो.

२०२३ च्या जूनअखेरची एक बातमी घ्या. अवघ्या विश्वात गुरुत्वीय लहरींची मंद गुणगुण चालू असल्याची चिन्हे सापडल्याचे जगातल्या अनेक संघांनी एकाच वेळी जाहीर केले. त्यात खोडदच्या दुर्बिणीचा, म्हणजे जीएमआरटीचा, वाटा होता. पल्सार हे स्वतःभोवती गरगर फिरणारे तारे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देतात. हे ठोके इतके नियमित असतात की त्यांत सूक्ष्म मागेपुढे झाले तरी ते पकडता येते. मधल्या अवकाशाला ताणत-आकसत गुरुत्वीय लहर गेली, तर असे मागेपुढे होणार. पण नुसता उशीर दिसून भागत नाही. दोन पल्सारांच्या ठोक्यांतले फेरफार एकमेकांशी किती जुळतात, हे आकाशात त्यांच्यात किती कोन आहे त्यावर ठरले पाहिजे, असे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच गणिताने दाखवून ठेवले होते. युरोपीय आणि भारतीय संघांनी मिळून २५ पल्सारांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी या कसोटीवर तपासल्या. आता खोडदचा भाग. पल्सारकडून निघालेली लहर वाटेतल्या विद्युतभारित वायूतून येताना रेंगाळते, कमी कंप्रतेची लहर अधिक रेंगाळते, आणि हे रेंगाळणे काळानुसार बदलत राहते. ते काटेकोर वजा केले नाही तर वायूने केलेला उशीर गुरुत्वीय लहरीच्या नावावर जमा होईल. जीएमआरटी कमी कंप्रतेवर अतिशय संवेदनशील आहे, त्यामुळे ही वजाबाकी तिच्या मदतीने अधिक अचूक होते. आणि एवढे करूनही निष्कर्ष काय निघाला? सर्वांत ठळक नमुना शेवटच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदींत दिसला, आणि तो केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक, असा. कणभौतिकीत शोध लागला असे म्हणण्यासाठी ती शक्यता साधारण ३५ लाखांत एक इतकी खाली यावी लागते. म्हणून संशोधकांनी पुरावा मिळाला म्हटले, शोध लागला असे म्हटले नाही, आणि आणखी नोंदी घेत राहिले. बातमीच्या मथळ्यात यातले काहीच उरत नाही. चाळीस मिनिटांच्या भाषणात हे सगळे बसते. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्याला ते पूर्ण समजेल, आणि न शिकलेल्यालाही त्यातली वजाबाकी समजेल. ज्याला ती समजली त्याला रेल्वेचे रूळ आणि दुर्बीण यांच्यातला वाद कशावरून आहे तेही आपोआप कळेल. कळूनही तो रेल्वेच्याच बाजूने उभा राहिला तर तो त्याचा अधिकार आहे.

अशा भाषणांतून मिळते ती मुख्यतः स्वतःला फसवून न घेण्याची शिस्त. गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या जाण्याच्या पाच वर्षे आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, अशा लहरी शोधणारा अमेरिकेतला लायगो संघ आणि त्याचे युरोपीय सहकारी यांच्या उपकरणांत एक ठळक संकेत उमटला. तो श्वान तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा दिसत होता. शेकडो संशोधकांनी अनेक महिने त्याची छाननी केली, शोधनिबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडला तेव्हा कळले की हा संकेत मोजक्या लोकांनी मुद्दाम पेरलेला होता; आपली यंत्रणा आणि आपली माणसे खरा संकेत ओळखतील का, याची ती परीक्षा होती. असे काही होऊ शकते हे आधीपासून सगळ्यांना माहीत होते आणि तरीही सगळे मनापासून राबले. महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना दिल्या आणि कोणती पत्रिका कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांचे यश सरासरी ४६ टक्के भरले; नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास भरले असते. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झाले. खगोलशास्त्राच्या जाहीर भाषणानंतर पत्रिका आणि ग्रहदशेवर प्रश्न येणारच, आणि त्या भीतीने काही संशोधक अशा सभा टाळतात. टाळू नयेत. त्या प्रश्नावर चिडण्यापेक्षा ही चाचणी कशी रचली, ज्योतिषांना आधी काय विचारून घेतले, किती आकडा आला असता तर निष्कर्ष उलटा लिहावा लागला असता, हे समजावून सांगणे जास्त परिणामकारक आहे. विचारणारा लगेच मत बदलणार नाही. पण दावा तपासायची एक रीत त्याने पाहिलेली असेल.

पहिला आक्षेप ठरलेला: ऐकायला येणार कोण? सुरुवातीला थोडेच येतील, हे मान्य करू. पण गर्दी हे अशा कामाचे माप आहे का, याचे उत्तर कोलकात्याच्या इतिहासात आहे. तिथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर युजीन लाफाँ हे भौतिकशास्त्र शिकवणारे धर्मगुरू शहरातल्या लोकांसाठी प्रयोगांसह व्याख्याने देत. ९ डिसेंबर १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाचे त्यांनी वेध घेतले आणि पुढच्याच वर्षी कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. याच लाफाँच्या साथीने डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली. पैसा देशी लोकांच्या देणग्यांचा होता, मुख्य काम सार्वजनिक व्याख्यानांचे, आणि व्याख्यानांसाठी प्रयोगांची साधनेही घेतलेली होती. महेंद्रलालांना संशोधन करणारे पूर्ण वेळ प्राध्यापक नेमायचे होते. ते जमले नाही आणि १९०४ मध्ये ते निराश मनाने गेले. तीनच वर्षांनी अर्थखात्यात नोकरीला लागलेला अठरा वर्षांचा एक तरुण कोलकात्यात आला, बहुबाजार रस्त्यावरची संस्थेची पाटी त्याला दिसली, आणि कचेरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तो तिथे प्रयोग करू लागला. स्वतःही तिथे लोकांसाठी व्याख्याने देऊ लागला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० चे नोबेल मिळवून देणारा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच इमारतीत लागला. आपण विज्ञान दिन साजरा करतो तो मुळात लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या एका व्याख्यानगृहाच्या कमाईचा दिवस आहे. जवळपास तीस वर्षे तुरळक श्रोत्यांपुढे चाललेली ती व्याख्याने वाया गेली, असे १९०४ मध्ये कुणी म्हटले असते तर ते खोडून काढायला कुणाकडे पुरावा नव्हता.

महाराष्ट्राकडे त्याच काळात काय होते? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये, कोलकात्याच्या संस्थेच्या एकच वर्ष आधी. ऐकण्याची परंपरा तेव्हापासूनची. पुढे त्याच पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा झाली. वीस इंची दुर्बीण आली. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करून सामान कोडाईकनालला पाठवण्यात आले. एका माणसाच्या निवृत्तीने वेधशाळा संपली, कारण ती त्या एका माणसाच्याच आधारावर उभी होती. तिच्याभोवती तिची चौकशी करणारे, तिच्यासाठी हट्ट धरणारे श्रोते असते तर ती वाचलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण उपकरण एकीकडे आणि व्याख्यानाची परंपरा दुसरीकडे, ही फारकत आपल्याकडे जुनी आहे आणि आजही मोडलेली नाही, एवढे नक्की.

दुसरा आक्षेप तरुण मंडळी घेतील: हे सगळे यूट्यूबवर मिळते. मिळते, उत्तमही मिळते. पण व्हिडिओला अडवून ‘हे पटले नाही’ असे म्हणता येत नाही. संशोधनावरच्या भाषणाचा निम्मा ऐवज प्रश्नांत असतो, आणि समोरच्या संशोधकाने ‘हे मला माहीत नाही’ किंवा ‘हे आम्ही तपासलेले नाही’ असे उत्तर देणे ही त्यातली सर्वांत शिकवणारी गोष्ट असते. गावातल्या बी.एस्सी.च्या मुलीला पडद्यावरचा शास्त्रज्ञ दूरच्या जगातला वाटतो. बीड किंवा धुळ्याहून पुण्याला जाऊन पीएच.डी. करणारी, तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी मुलगी समोर उभी राहून मराठीत आपला आलेख दाखवते, तेव्हा त्या वाटेचा पत्ताच हातात येतो. मराठीत हे जमणार नाही, ही शंका नारळीकरांनी आयुष्यभर लिहून आणि बोलून खोडून काढली आहे. पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिले तरी काही बिघडत नाही. वाक्य मराठी हवे आणि त्यातला कार्यकारणभाव तुटता कामा नये.

संशोधकांना वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न खरा आहे. मोठ्या नावांना दर महिन्याला गावोगाव फिरवणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. संशोधकाने वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. त्या दहांतले दोन जरी अशा भाषणांना मिळाले, आणि बाकीचा भार पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी व महाविद्यालयीन शिक्षकांनी उचलला, तरी बरेच साधेल. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली तीच विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्रात संशोधन करता यावे म्हणून, आणि तिच्याशी जोडलेले असे शिक्षक देशभर आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सरस्वती’ या सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे दूरच्या, आकाशगंगांच्या महासमूहाच्या शोधात पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या संशोधकांबरोबर केरळातल्या तोडुपुळा या छोट्या शहरातल्या न्यूमन कॉलेजचे प्राध्यापकही होते. आपल्याच गावचा शिक्षक आकाशगंगांच्या शोधात सहभागी आहे, हे तिथल्या व्यासपीठावरून गावाला कळले पाहिजे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात छायाचित्रासह एक ओळ भरण्यासाठी भरवलेल्या कार्यक्रमातून हे घडणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. पाहुण्यांचे सत्कार आणि दीपप्रज्वलन यांतच पाऊण तास गेला तर प्रश्नांना उरते काय? ते सगळे काढून टाकावे. भाषण जेवढा वेळ, तेवढाच वेळ प्रश्नोत्तरे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: अशी भाषणे सरकारी प्रकल्पांची जाहिरात होतील. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची वेधशाळा उभारायची होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १५०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि प्रकल्प अडला तो अडलाच. न्यूट्रिनोंच्या किरणोत्साराची लोकांना वाटलेली भीती निराधार होती. आपल्या शरीरातून दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो निमूट आरपार जातात. पण पश्चिम घाटात बोगद्यासाठी सुरुंग लावण्याबद्दल, पाण्याबद्दल, जंगलाबद्दलचे प्रश्न निराधार नव्हते. निराधार शंका आणि रास्त शंका यांची एकदा सरमिसळ झाली की शास्त्रज्ञ सगळ्याच शंकांना अज्ञान म्हणतात आणि लोक सगळ्याच स्पष्टीकरणांना बनाव. प्रकल्पाला विरोध सुरू झाल्यावर घेतलेली सभा म्हणजे वकिली असते, आणि श्रोत्यांना ते बरोबर कळते. म्हणून भाषणांचा क्रम प्रकल्पाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवा, आणि त्याचे आयोजन प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या हाती न राहता कॉलेजच्या हाती असायला हवे. कॉलेज उद्या त्याच व्यासपीठावर पर्यावरणाच्या अभ्यासकालाही बोलावू शकते. प्रकल्पाचे जनसंपर्क खाते ते करणार नाही.

आपल्याकडे हे करून पाहायची वेळ आणि जागा दोन्ही ठरलेल्या आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ ची, अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची, खर्च २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमध्ये लेसर किरण फिरवून प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही लहान हालचाल मोजायची आहे. अशा यंत्राला ट्रकची ये-जा, खाणीतले स्फोट, मोठाले पंप, सगळ्याचा उपद्रव होतो. म्हणजे खोडदला रेल्वेवरून जो प्रश्न आज उभा आहे, तसेच प्रश्न उद्या हिंगोलीला रस्ते, उद्योग आणि खडी केंद्रांवरून उभे राहणार, आणि तेव्हा तिथल्या माणसाला त्याच्या बाजूने नेमके बोलता यावे यासाठी त्याला या यंत्राची ओळख आधीच झालेली असली पाहिजे. यंत्र सुरू व्हायला अजून काही वर्षे आहेत. हिंगोली, वसमत, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांनी आयुकाला आणि नांदेडच्या विद्यापीठाला आत्ताच लिहावे, महिन्याचा एक शनिवार ठरवून टाकावा आणि पहिल्या भाषणासाठी आरसे टांगण्याचे, निर्वात नळ्यांचे किंवा जमिनीचा थरकाप मोजण्याचे काम करणाऱ्या तरुण अभियंत्याला बोलवावे. सूचना कॉलेजच्या फलकावर लावून भागणार नाही. ती ग्रामपंचायतीत, बाजार समितीत आणि एसटी स्टँडवरही लागली पाहिजे.